सहावा शब्द

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी मला अकरावीला जीवशास्त्र शिकवलं. त्यांच्या वर्गात नियम एकच होता. आधी भिंगाखाली पाहायचं, दिसलं ते वहीत काढायचं आणि नाव सगळ्यात शेवटी विचारायचं. पुढे मी नागपुरात तीस वर्षं जीवरसायनशास्त्र शिकवलं, तेव्हा हा क्रम सहसा मोडला नाही. आजही आधी एक काचपट्टी पाहू.

रक्ताचे दोन-तीन थेंब छोट्या नळीत घ्यायचे. न्यू मिथिलिन ब्ल्यू नावाचा निळा रंग तेवढाच घालायचा. नळी अंगाच्या उष्णतेइतक्या उबेत पंधरा-वीस मिनिटं ठेवायची, मग एक थेंब काचपट्टीवर ओढून वाळू द्यायचा. तेलाचा थेंब टाकून शंभरच्या भिंगाखाली पाहिलं की फिकट, हिरवट झाकेच्या तांबड्या पेशी पसरलेल्या दिसतात. त्यांच्यात शंभरात एखाददुसरी पेशी अशी असते, की तिच्या पोटात गर्द निळ्या धाग्यांची गुंतवळ आहे. विणकाम अर्धवट सोडून कुणी उठून गेलं असावं, तशी. प्रयोगशाळेतली मंडळी हिला ‘रेटिक’ म्हणतात आणि शंभरात अशा किती याला ‘रेटिक काउंट’. गावोगावच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ही तपासणी रोज होते, पण ती गुंतवळ कशाची, हे सांगायला कुणाला वेळ नसतो.

ती गुंतवळ म्हणजे रायबोसोम. प्रथिनं जिथे घडतात ते कण. रंगामुळे ते एकमेकांना चिकटून त्यांचे धागे दिसतात. अस्थिमज्जेतून नुकती बाहेर पडलेली ही कोवळी तांबडी पेशी आहे. तिनं आपलं केंद्रक, म्हणजे सगळा डीएनए, आधीच बाहेर टाकून दिला आहे. तरीही रक्तात आल्यावर दिवसभर तिचं हिमोग्लोबिन घडवणं चालूच असतं. मग तेही थांबतं, निळे धागे विरतात आणि पुढचे साधारण चार महिने ती पेशी केवळ प्राणवायूची ने-आण करते.

ही पट्टी मला एका मायलेकीमुळे आठवते. मुलगी अकरा वर्षांची, सिकलसेलची, ‘एसएस पॅटर्न’. मांडीचं हाड ठणकतं म्हणून आमच्या वॉर्डात भरती झाली होती. आई ‘एएस’, म्हणजे वाहक, स्वतःला काही त्रास नाही. तपासणीचा कागद हातात धरून ती मला व्हरांड्यात म्हणाली, "मॅडम, हे माह्याकडून झालं का? माह्या रक्तात काय चुकलं?" मी तिला तेव्हा चार वाक्यांत उत्तर दिलं. ते खरं होतं, पण अपुरं होतं. आजचं व्याख्यान हे त्या बाईला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे.

डीएनए टाकून दिल्यावरही ती कोवळी पेशी काम कशी करत राहते, इथून सुरुवात करू. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातलं मूळ दप्तर कुणी घरी नेऊ देत नाही. अर्ज करायचा आणि हव्या त्या पानाची नक्कल घ्यायची. पेशीतही मूळ दप्तर केंद्रकात राहतं आणि लागेल त्या जनुकाची नक्कल बाहेर पाठवली जाते. डीएनए दुपदरी असतो, ही नक्कल आरएनएच्या एकाच पदरावर उतरते. तिला संदेशवाहक आरएनए म्हणतात. १९६१ साली तिचं अस्तित्व पक्कं झालं. डीएनएची अक्षरं चार, ए, टी, जी, सी. नकलेत टीच्या जागी यू येतो. हिमोग्लोबिनच्या नकला टिकाऊ असतात आणि केंद्रक टाकण्याआधीच त्या ढिगानं काढून ठेवलेल्या असतात. म्हणून दप्तर गेलं तरी काम अडत नाही.

नक्कल काढणंही सरळ नाही. हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा आणि दोन बीटा अशा चार साखळ्या असतात. बीटा साखळीचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे, सुमारे १,६०० अक्षरांचं. त्याच्या मध्ये दोन तुकडे असे आहेत, की त्यांचा प्रथिनाच्या मजकुराशी संबंध नाही. पेशी आधी सगळं उतरवून घेते, मग हे तुकडे कापून उरलेलं एकमेकांना जोडते. जनुकं अशी तुकड्यांत असतात हे १९७७ साली कळलं, तेव्हा सगळ्यांनाच धक्का बसला होता. कापायचं नेमकं कुठे, याच्या खुणा त्या तुकड्यांतच असतात. भारतात बीटा थॅलेसेमियाचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे पहिल्या तुकड्यातलं पाचवं अक्षर बदलणं. खूण पुसट होते, कात्री भलतीकडे चालते आणि बीटा साखळी पुरेशी तयारच होत नाही. तिथे कापणं-जोडणंच बिघडतं. सिकलसेलमध्ये तसं काही होत नाही, एवढं लक्षात ठेवून पुढे जाऊ.

आता नक्कल रायबोसोमपाशी आली. ती वाचायची कशी?

मोडी कागद ज्यांनी हाताळलेत त्यांना ही अडचण चटकन समजेल. मोडीत आधी सबंध ओळीची शिरोरेघ मारून घेत आणि मग तिच्याखाली लिहीत जात. शब्दाशब्दांत अंतर नाही, विरामचिन्हं नाहीत. कुठे तोडायचं ते वाचणाऱ्यानं जाणायचं. एका जागी चुकीचं तोडलं की पुढची सगळी ओळ बिघडते. आरएनएची ओळ तशीच सलग असते. मात्र तिच्यात एक सोय आहे. प्रत्येक शब्द तीनच अक्षरांचा.

मी वर्गात फळ्यावर एक वाक्य लिहायचे. मदन घरात बसून कणीस भाजतो. प्रत्येक शब्द तीन अक्षरी. आता ‘मदन’मधला द काढा आणि पुन्हा तीन-तीन अक्षरं वाचा. मनघ रातब सूनक णीसभा जतो. एक अक्षर गळलं आणि पुढचं सगळं कोसळलं. मग मूळ वाक्यात ‘भाजतो’चा भा काढून मो लिहा. मदन घरात बसून कणीस मोजतो. वाक्य सुरळीत आहे, व्याकरणाची चूक नाही, वाचणारा कुठेही अडखळणार नाही. फक्त मदन आता दुसरंच काहीतरी करतो आहे. हे दुसरं वाक्य मनात असू द्या.

चार अक्षरांतून तीन-तीन घेतली की चौसष्ट शब्द होतात. प्रथिनाची साखळी ज्यांची बनते ती अमिनो आम्लं मात्र वीस. कोणत्या शब्दाचा अर्थ कोणतं आम्ल, हा कोश मानवानं १९६१ ते १९६६ या पाच वर्षांत उलगडला. सुरुवात अमेरिकेत बेथेस्डा इथे झाली. मार्शल निरेनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत हाइनरिक मथाई यांनी मे १९६१ मध्ये नुसत्या यू अक्षराची कृत्रिम ओळ पेशीच्या रसात घातली. त्यातून नुसत्या फिनिलअॅलॅनिनची साखळी बाहेर आली. यू-यू-यू म्हणजे फिनिलअॅलॅनिन. कोशातला पहिला शब्द सापडला. त्याच ऑगस्टमध्ये मॉस्कोच्या परिषदेत निरेनबर्ग यांनी हे सांगितलं, तेव्हा खोलीत मोजकेच श्रोते होते. फ्रान्सिस क्रिक यांच्या कानावर ते गेलं आणि त्यांनी निरेनबर्ग यांना मोठ्या सभागृहात तेच पुन्हा सांगायला लावलं.

पण कोशाचा मोठा भाग पक्का करणाऱ्यांत मला जवळचे वाटतात ते हरगोविंद खुराना. जन्म १९२२, पंजाबातल्या मुलतानकडचं रायपूर नावाचं लहानसं खेडं, आज पाकिस्तानात. वडील पटवारी होते, म्हणजे आपल्याकडचे तलाठी. गावात शंभरेक माणसं आणि लिहिता-वाचता येणारं घर जवळजवळ हे एकच. सुरुवातीचं शिक्षण झाडाखाली. गावाच्या जमिनीच्या नोंदी सांभाळणाऱ्या माणसाचा मुलगा पुढे सजीवांच्या दप्तराचा शब्दकोश लावतो, हे मी कितीही वेळा सांगितलं तरी मला नवंच वाटतं. विस्कॉन्सिनमध्ये त्यांनी ठरावीक क्रमाचे आरएनए रासायनिक कौशल्यानं बनवले. यू-सी-यू-सी-यू-सी अशी एकाआड एक ओळ घेतली. तीन-तीन अक्षरांनी वाचली तर तिच्यात आळीपाळीनं दोनच शब्द येतात, यू-सी-यू आणि सी-यू-सी. साखळीतही दोनच आम्लं आळीपाळीनं आली, सेरिन आणि ल्युसिन. त्या एका निकालात शब्द दोन किंवा चार अक्षरांचा असू शकत नाही, हेही आपोआप ठरलं. १९६८ साली निरेनबर्ग, खुराना आणि रॉबर्ट हॉली यांना एकत्र नोबेल मिळालं.

चौसष्टपैकी एकसष्ट शब्द आम्लांचे, तीन ‘थांब’ म्हणणारे. ए-यू-जी हा शब्द मेथिओनिनचा आणि सुरुवातीचाही. एकाच आम्लाला अनेक शब्द आहेत. ल्युसिनला तर सहा. त्यामुळे पुष्कळदा अक्षर बदललं तरी अर्थ तोच राहतो. ‘थांब’ हा शब्दच बिघडला तर काय होतं, याचं उदाहरण रक्तातच आहे. आग्नेय आशियात आढळणाऱ्या ‘कॉन्स्टंट स्प्रिंग’ हिमोग्लोबिनमध्ये अल्फा साखळीचा थांबण्याचा शब्द एका अक्षरानं बदलून ग्लुटामिनचा झाला आहे. रायबोसोम पुढे वाचतच जातो, आणि १४१ आम्लांची साखळी १७२ आम्लांची होते.

आता बीटा साखळीची नक्कल प्रत्यक्ष वाचू. सुरुवात ए-यू-जी. हे पहिलं मेथिओनिन नंतर कापून टाकलं जातं, म्हणून मोजणी पुढच्या शब्दापासून. जी-यू-जी, व्हॅलिन. सी-ए-यू, हिस्टिडिन. सी-यू-जी, ल्युसिन. ए-सी-यू, थ्रिओनिन. सी-सी-यू, प्रोलिन. आणि सहावा शब्द, जी-ए-जी, ग्लुटामिक आम्ल. अशी एकूण १४६ आम्लं.

हे वाचतं कोण? सामान्य समज असा की रायबोसोमला कोश पाठ असतो. तसं नाही. रायबोसोमला अमिनो आम्लांतलं काही कळत नाही. शब्द आणि आम्ल यांच्यामध्ये एक दुभाषी लागतो. क्रिक यांनी १९५५ मध्येच तर्कानं सांगितलं होतं, की एका टोकाला आरएनएचा शब्द ओळखणारा आणि दुसऱ्या टोकाला आम्ल धरणारा असा काहीतरी रेणू असला पाहिजे. पुढे तो सापडला. वाहक आरएनए. ‘वाहक’ हा शब्द आपण सिकलसेलच्या बाबतीतही वापरतो, म्हणून घोळ नको. याला मी दुभाषीच म्हणते. याच्या एका टोकाला तीन अक्षरं असतात, ती नकलेतल्या तीन अक्षरांशी जुळतात. दुसऱ्या टोकाला आम्ल अडकवलेलं असतं.

पण योग्य दुभाष्याला योग्य आम्ल कोण अडकवतं? पेशीत त्यासाठी वीस विकरं, म्हणजे एन्झाइम, आहेत, प्रत्येक आम्लाला एक. आम्ल ओळखायचं, त्याचा दुभाषी ओळखायचा आणि दोघांना जोडायचं. सबंध पेशीत दोन्ही भाषा ज्यांना येतात असे हे वीसच जण. माझ्या मते पेशीतलं सगळ्यात मोलाचं ज्ञान यांच्यापाशी आहे, आणि पाठ्यपुस्तकांत यांच्या वाट्याला अर्धं पान येतं.

१९६२ साली अमेरिकेत फ्रान्स्वा शापव्हिल आणि सहकाऱ्यांनी एक सुंदर प्रयोग केला. सिस्टीन या आम्लाचा दुभाषी घेतला. त्याला सिस्टीन रीतसर अडकवलेलं होतं. मग निकेलच्या साहाय्यानं त्या सिस्टीनमधलं गंधक काढून टाकलं, आणि आम्लाचं झालं अॅलॅनिन. दुभाषी सिस्टीनचा, हातात अॅलॅनिन. आता रायबोसोम काय करतो? त्यानं फक्त शब्द जुळतो का ते पाहिलं, आणि सिस्टीनच्या जागी अॅलॅनिन बिनदिक्कत ओवलं. पुढच्या वर्षी हेच हिमोग्लोबिनच्या बाबतीतही दिसलं. दुभाष्याच्या हातात काय आहे, ते रायबोसोम तपासत नाही.

मग तो तपासतो तरी काय? याचं उत्तर मिळायला २००० साल उजाडलं. चिदंबरमला जन्मलेले आणि बडोद्यात पदवी घेतलेले वेंकटरामन रामकृष्णन केंब्रिजमध्ये रायबोसोमच्या लहान भागाची अणूअणूपर्यंतची रचना उलगडण्याच्या मागे होते. त्यात दिसलं, की शब्द आणि दुभाषी जुळले की रायबोसोममधली दोन-तीन अक्षरं आतून बाहेर वळतात आणि ती जुळणी जणू चाचपून पाहतात. बेचक्यात नीट बसली तर पुढे, नाहीतर दुभाषी परत. पहिल्या दोन अक्षरांवर ही चाचपणी कडक असते, तिसऱ्यावर थोडी सैल. त्याच सुमारास मोठ्या भागाची रचना उलगडणाऱ्यांना आणखी एक गोष्ट दिसली. दोन आम्लांना जोडण्याच्या जागेभोवती प्रथिन नाहीच, सगळा आरएनए आहे. म्हणजे प्रथिनं घडवणारं हे यंत्र गाभ्याशी आरएनएचंच आहे. २००९ चं नोबेल रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांना याच कामासाठी मिळालं.

त्या निळ्या गुंतवळीत हे सगळं चालू असतं. एकाच नकलेवर साधारण पाच रायबोसोम एकामागून एक सरकत असतात, पंढरीच्या वाटेवर एका पालखीमागून दुसरी यावी तसे. हॉवर्ड डिंट्झिस यांनी १९६१ मध्ये सशाच्या अशाच कोवळ्या पेशी घेऊन दाखवलं, की साखळी एका टोकाकडून दुसरीकडे क्रमानं वाढते, मधूनच कुठे भरली जात नाही. एक साखळी पुरी व्हायला मिनिटभराचा काळ लागतो. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू जमतात, आणि आपल्या शरीरात दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त नव्या तांबड्या पेशी तयार होतात. मी बोलायला उभी राहिल्यापासून तुमच्या प्रत्येकाच्या हाडांत किती ओवणं झालं असेल, ते घरी जाऊन मांडून पाहा.

आता त्या आईचा प्रश्न. काय चुकलं?

हिमोग्लोबिनच्या कामात पहारे बरेच आहेत. वीस विकरांचा पहिला. व्हॅलिन आणि आयसोल्युसिन ही दोन आम्लं जवळजवळ सारखी, एका कार्बनाचा फरक. आयसोल्युसिनच्या विकराच्या हातात कधी चुकून व्हॅलिन येतं. ते विकर पुन्हा चाचपतं आणि चुकीचं तोडून टाकतं. तरीही निसटणाऱ्या चुका काही हजारांत एक. पुढचा पहारा रायबोसोमच्या चाचपणीचा. मधेच ‘थांब’ शब्द आलेल्या नकला ओळखून त्या नष्ट करणारी वेगळी यंत्रणा आहे. आणि एक पहारा लोहाचा. हिमोग्लोबिनच्या प्रत्येक साखळीत लोह धरणारं हीम बसवावं लागतं. लोह कमी पडलं, हीम घटलं, की कोवळ्या पेशीतलं एक विकर जागं होतं आणि साखळ्या ओवणंच मंद करतं. हीमशिवाय नुसत्या साखळ्या साचल्या तर पेशीला अपाय होतो, म्हणून ही काळजी. लोह कमी असलेल्या बाईच्या रक्तपट्टीवर ज्या लहानखुऱ्या, फिकट पेशी दिसतात, त्यामागे हा निर्णय आहे. आपण त्याला नुसतं ‘रक्त कमी’ म्हणतो.

सिकलसेलमध्ये सहावा शब्द जी-ए-जी ऐवजी जी-यू-जी आहे. एका अक्षराचा फरक. ए-च्या जागी यू. नक्कल नीट उतरते. नको ते तुकडे नेमके कापले जातात. मधेच ‘थांब’ येत नाही. जी-यू-जी हा रीतसर शब्द आहे, व्हॅलिनचा. साखळीची सुरुवात होते ती याच शब्दानं. विकर व्हॅलिनच्या दुभाष्याला व्हॅलिनच अडकवतं. रायबोसोम चाचपतो, जुळणी पक्की बसते. हीम आहे, लोह आहे. साखळी पुरी १४६ आम्लांची होते आणि मिनिटभरात बाहेर पडते. प्रत्येक पहारेकऱ्यानं आपलं काम चोख केलेलं असतं. मदन कणीस मोजतो आहे, आणि वाक्यात खोडायला जागा नाही.

बिघडतं ते पुढे, पेशीतच, कुणी न लिहिलेल्या भेटीगाठींत. ग्लुटामिक आम्ल विद्युतभारित असतं, पाण्यात रमतं. व्हॅलिन पाण्याला टाळतं. हिमोग्लोबिननं प्राणवायू सोडला की शेजारच्या रेणूवर एक खळगा उघडा पडतो, आणि हे व्हॅलिन त्यात जाऊन बसतं. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, अशा लांब ताठ दोऱ्या बनतात आणि मऊ गोल पेशी विळ्याच्या पात्यासारखी ताणली जाते. ती केशवाहिनीत अडकते. पुढे रक्त पोचत नाही. मुलीचं हाड ठणकतं ते यामुळे. गावातल्या शिबिरात जी सोल्युबिलिटी टेस्ट करतात, तिच्यात हीच गोष्ट नळीत घडवतात. नळीमागे रेघा मारलेला कागद धरायचा. साध्या रक्ताच्या नळीतून रेघा स्वच्छ दिसतात. सिकलच्या नळीत गढूळपणा येतो आणि रेघा दिसेनाशा होतात. एएस आणि एसएस यांतला फरक पुढे इलेक्ट्रोफोरेसिसच्या पट्ट्यांवर कळतो.

एका अक्षरापर्यंत पोचायला मात्र वेळ लागला. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की सिकलचं हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळ्या वेगानं सरकतं. आजाराचं मूळ एका रेणूत सापडल्याची ही पहिली नोंद. मग केंब्रिजमध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी साध्या आणि सिकलच्या हिमोग्लोबिनचे विकरानं तुकडे केले आणि ते गाळणकागदावर दोन दिशांनी पसरवले. कागदावर ठिपक्यांचा पसारा उमटला. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर सगळे ठिपके जागच्या जागी. एकच ठिपका सरकलेला. १९५७ पर्यंत त्यांनी त्यातलं आम्ल ओळखलं. ग्लुटामिकच्या जागी व्हॅलिन. त्या वेळी कोशातला एकही शब्द कुणाला माहीत नव्हता. अर्थ आधी कळला, अक्षर नंतर.

म्हणून त्या आईला मी आज सांगेन, की तुमच्या रक्तात चूक झालेली नाही. मूळ दप्तरातच ते अक्षर तसं आहे, तुमच्या आजीच्या आजीपासून. आणि ते टिकलं याला कारण आहे. १९५४ साली अँथनी अॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत पाहिलं, की ज्यांच्याकडे हे अक्षर आईबापांकडून आलेल्या दोन प्रतींपैकी एकाच प्रतीत आहे त्यांना घातक हिवतापापासून संरक्षण मिळतं. आपल्याकडेही गोष्ट तीच. सातपुड्यात, मेळघाटात, गडचिरोलीच्या जंगलात हिवताप पिढ्यान्‌पिढ्या लहान मुलं उचलून नेत होता. गडचिरोलीत हिवतापाचा जोर आजही मोठा आहे. एकाच प्रतीतलं हे अक्षर ज्यांच्याकडे होतं ती मुलं वाचली, मोठी झाली, त्यांची लग्नं झाली. तुमचे पूर्वज या अक्षरामुळे वाचलेले आहेत, बाई.

आणि दोन्ही प्रतींत हे अक्षर असण्याचं, म्हणजे एसएसचं, दुःख हे दोन वाहकांच्या लग्नातून येतं. दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएस होण्याची शक्यता चारात एक. ‘पहिली तीन चांगली झाली म्हणजे चौथं नक्की आजारी’ किंवा ‘एक आजारी झालं, आता पुढची तीन सुटली’ असे हिशेब मी वॉर्डात रोज ऐकले. ते खोटे आहेत. दर वेळी चिठ्ठी नव्यानं निघते. पण वाहक मुलीचं लग्न एए, म्हणजे दोन्ही प्रती साध्या असलेल्या, मुलाशी झालं तर त्यांचं मूल एसएस होऊच शकत नाही. एएस हा आजार नाही. एखाद्या घरात कागदावर एएस पाहून स्थळ मोडतात, मुलीलाच दोष देतात, वडिलांची तपासणीही करत नाहीत. याचा मला राग येतो आणि तो जाहीरपणे व्यक्त करायला ही जागा योग्य आहे असं मी मानते. एसएस मुलातली दुसरी प्रत बापाकडूनच आलेली असते.

१ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा प्रश्न संपवायचा, असा त्याचा संकल्प आहे. तपासणीचा कागद देताना दोन मिनिटं समजावून सांगणारं माणूस प्रत्येक शिबिरात असावं, एवढीच माझी मागणी आहे. कार्ड हातात ठेवलं म्हणजे समुपदेशन झालं, असं होत नाही.

उपचारात आज आपल्याकडे हायड्रॉक्सियुरिया मिळतं. हे औषध सहावा शब्द बदलत नाही. बाळ आईच्या पोटात असताना बीटाऐवजी गॅमा साखळी वापरतं. जन्मानंतर काही महिन्यांत पेशी ते दप्तर मिटून ठेवते. हायड्रॉक्सियुरियानं ते थोडं उघडतं. गॅमा साखळी दोऱ्या बनू देत नाही, ठणक कमी येते. ती साखळी तोवर असते म्हणूनच सिकलची मुलं पहिले काही महिने ठणठणीत असतात, आणि आयांना वाटतं की नंतर काहीतरी बाधलं. मज्जेतल्या पेशी बाहेर काढून, गॅमा साखळी मिटवणारी कळच जनुक-कात्रीनं तोडण्याच्या उपचाराला २०२३ अखेर ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत तेव्हा २२ लाख डॉलर होती. धडगाव-भामरागडच्या मुलीपर्यंत तो केव्हा पोचेल, हा प्रश्न विज्ञानाचा राहिलेला नाही.

तोवर त्या मुलीची गोष्ट पुरी करते. ठणक ओसरल्यावर, घरी जायच्या आदल्या दिवशी तिला मी प्रयोगशाळेत नेलं. उंच स्टुलावर बसवलं आणि तिचीच पट्टी भिंगाखाली लावली. सिकलची तांबडी पेशी एकशेवीस दिवसांऐवजी दहा-वीस दिवसांतच मोडते, म्हणून मज्जा कित्येक पट वेगानं नव्या पेशी पाठवत असते. अशा पट्टीवर निळ्या गुंतवळी जागोजागी असतात. नाव सांगायच्या आधी मी तिला फक्त मोजायला सांगितलं. ती बोट वर करत मोजत राहिली आणि शंभर पेशी झाल्यावर म्हणाली, "सतरा."

मग तिनं आईची पट्टी मागितली. तिथे ती बराच वेळ शोधत होती. आई मागे उभी होती. तीनशे पेशींत तिला चार सापडल्या. त्यातली एक तिनं आईला दाखवली, स्टुलावरून उतरून, आईला बसवून, भिंग कसं फिरवायचं ते सांगत.